कर्ण्याची नोंद

"आज्यापासून ही जमीन कसतोस, हे नुसतं तोंडी चालत नाही. कागद दाखव," असे म्हणत १९६४ च्या मोजणीला आलेल्या साहेबांनी झिपरूचा अर्ज परत केला. तेवढ्यात त्याच्या नागलीच्या शेताकडेला, फांदीवर, लालभडक पोटाचा कर्णा पक्षी येऊन बसला. पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेले साहेब हरखले.

"हा इथं कधीपासून आहे रे?"

"माझ्या आज्याच्या वखतापासून हाय, साहेब."

साहेबांनी वहीत लिहिले आणि समाधानाने वाचून दाखवले : "पालघरच्या या डोंगरात कर्ण्याचे तीन पिढ्यांपासून वास्तव्य. आधार : स्थानिक रहिवाशाची साक्ष."

"स्थानिक रहिवासी म्हंजे कोण, साहेब?"

"तूच की."

झिपरूने अर्ज पुन्हा पुढे केला. "मग तेवढं यावर पण लिवा."