पाय धुण्याचं पाणी

तिहुआनात आमच्या टेकडीवर टँकर शनिवारी येणार होता, पिंपात वीतभर पाणी उरलं होतं, तरी सासूबाईंनी सकाळीच बादलीभर काढून दगडाने टाचा घासल्या. “आई, दुपारी चर्चमध्ये अमेरिकन पाहुणे सेवा म्हणून आपले पाय धुणारच आहेत ना?” मी म्हटलं. “म्हणूनच. परक्याच्या लेकीच्या हातात असले पाय द्यायचे?” दुपारी चर्चच्या बाकावर आम्ही अकराजणी होतो, सगळ्याच घरून पाय धुऊन आलेल्या. आठवडाभर सेवेला आलेल्या मुलीने गुडघ्यांवर बसून एकेकीचे पाय धुतले, रडलीसुद्धा. टबातलं पाणी शेवटपर्यंत नितळच राहिलं. ते फेकायला ती दाराकडे निघाली तशा सासूबाई ओल्या पायांनी आडव्या आल्या. “टाकू नकोस, पोरी. धुण्याला होईल.” तिला स्पॅनिश कळेना. सासूबाईंनी टब हिसकून कडेवर घेतला आणि टेकडी चढू लागल्या. मागून उरलेल्या नऊजणी ओरडल्या, “एर्मेलिंदा, आमचेही पाय होते त्यात.”