खात्याचा माणूस

पोलीस खात्यातला साहेब आमच्या बैठकीत घसा खाकरत बसला होता.

"आजी, जरा धीरानं ऐका. हे जे सव्वीस वर्षं तुमच्या घरात राहिले, ते तुमचे यजमान नव्हेत. तुमचे यजमान एका खटल्यातले साक्षीदार. गुंडांच्या भीतीनं आम्ही त्यांना लपवलं आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्यांच्यासारखा दिसणारा आमचा माणूस इथं नेमला."

"मला काय दूधखुळी समजलात?" मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी कळलं मला. चहा पिऊन ह्यांनी स्वतःचा कप विसळून ठेवला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ह्यांना परत नेलं असतं तुम्ही."

हे कोपऱ्यात उभे होते, मास्तरांनी उभं केल्यासारखे. मान काही वर होईना.

"आता खटला संपला," साहेब म्हणाला. "तुमचे यजमान खाली आलेत. ओळख पटल्याची सही करा, म्हणजे ते घरी येतील आणि ह्यांना आम्ही नेऊ. ओळख पटेपर्यंत मात्र ह्यांना इथून हलवता येत नाही."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. बाहेर एक टकल्या म्हातारा बॅग जमिनीवर टाकून, कुणीतरी येऊन ते उघडेल म्हणून कपाळाला आठ्या घालून उभा होता. अगदी तोच. केस तेवढे गेले होते.

मी कागद साहेबाकडे परत सरकवला.

"कुणाचा आहे तो शोधा, आणि त्याच्या घरी नेऊन सोडा."