तिसरा पेला

वाइनरीच्या तळघरात सहलीची सगळी मंडळी पेले नाकाशी धरून उभी होती, आणि काका शेजारच्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघत होते.

"चेरी," गृहस्थ म्हणाले.

"चेरीच," काकांनी री ओढली.

दुसऱ्या पेल्यात गृहस्थांना धुराचा वास आला, तसा तो काकांनाही आला. परदेशात येऊन काका मोठे जाणकार ठरले होते. खरं म्हणजे मागच्या वर्षीच्या तापातून उठल्यापासून त्यांच्या जिभेला आणि नाकाला काडीचंही कळत नव्हतं. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, काकूंना नाही. काकू स्वयंपाक करताना चव घेऊन बघत नसत. पहिला घास काकांचा, आणि तो तोंडात जातो न जातो तोच "कशी झालीय?" हा प्रश्न. त्या प्रश्नात काकूंचा सगळा जीव असे. मग काका सांगणार कसं? ते आपले "झकास" म्हणत आणि घास चावता चावता तिच्या हातची चव आठवू बघत. हल्ली ती आठवणही पुसट होत चालली होती, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

वाइनरीच्या मालकीणबाईंनी तिसरा पेला भरला आणि नेमका काकांच्याच हातात दिला.

"काका, आता पहिले तुम्ही," सहलीचा मॅनेजर म्हणाला.

काका कात्रीत सापडले. शेजारच्या गृहस्थांचा पेला अजून रिकामाच होता. काकांनी मोठा घोट घेतला, डोळे मिटले, मान डोलावली.

"झकास! तिन्हींत हीच."

मग बाकीच्यांनी घोट घेतले. गृहस्थांनी तोंड वाकडं करून घोट सरळ थुंकायला ठेवलेल्या बादलीत थुंकला. कुणी नाक दाबलं. मॅनेजर हसू आवरत म्हणाला, "ही मुद्दाम ठेवलेली खराब बाटली आहे. बूच बिघडलं की वाइनला ओल्या पोत्यासारखा कुबट वास मारतो. तो ओळखता यावा म्हणून बाई सगळ्यांना चाखवतात."

"काकांना चढली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि एकच हशा पिकला. काकाही हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी काकांच्या हातातला पेला घेतला, हुंगला आणि खाली ठेवला.

मंडळी पुढच्या दालनात गेली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, झकास म्हणालात. माझ्या भाजीला म्हणता ना, अगदी तस्सं."

काका बाजूच्या लाकडी पिंपावरून उगाच हात फिरवत राहिले. "तापापासून," ते शेवटी म्हणाले.

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "आणि मी समजत होते, माझाच हात बिघडला. पूर्वी तुम्ही सांगायचात, आज चिमूटभर कमी पडलं, आज जास्त झालं. त्यावर तर माझा हात चालायचा. आता तुमच्यामागून जेवायला बसते, तर एक दिवस अळणी, एक दिवस नुसता खार. आणि तुम्ही आपले पुन्हा वाढून घेताय! म्हटलं, माझं मन राखतायत."

"तुझं मनच राखत होतो गं."

काकूंनी डोळे पुसले. टेबलावर काकांचा पहिला पेला अर्धा भरलेला होता. उभ्या जन्मात वाइनला न शिवलेल्या काकूंनी तो उचलला आणि एक घोट घेतला.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "मग तुरट. गिळल्यावर मागे थोडं गोड राहतं, जांभूळ खाल्ल्यावर राहतं तसं. चेरीबिरी काही नाही हो, ते गृहस्थ थापा मारतात."

काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी ओठांवरून हळूच जीभ फिरवली.

"आणि निघायच्या आदल्या रात्रीची भाजी? ती कशी झाली होती?"

"खारट. तोंडात घालवत नव्हती."

"असं नको," काका म्हणाले. "पहिल्या घासापासून सांग."