बत्तीस इंची पडदा

"हा? या टीचभर पडद्यात माझ्या पोरीचं नाक तरी मावेल का?" ओटूंनी चोवीस इंची मॉनिटर बोटानं मागं ढकलला.

"टीचभर काय म्हणता बाबा!" दुकानदारीण सेरवा हसली. "आपल्या ताकोराडी शहरातल्या अर्ध्या कचेऱ्या याच्यावर चालतात."

"मग कचेऱ्यांनाच वीक. मला मोठा दाखव. आणि स्वस्त. पैसे हा माझा मेहुणा देणाराय. खिशात हात घालायचा म्हटलं की याला ताप भरतो."

क्वामेना कसनुसा हसला. खरं तर त्याला तिथंच बसून रडावंसं वाटत होतं.

आराबा, म्हणजे ओटूंची एकुलती एक लेक आणि क्वामेनाची भाची, आठवड्यापूर्वी तिकडं इंग्लंडात अपघातात वारली. दवाखान्यातलं काम आटोपून घरी परतताना तिला गाडीनं उडवलं. जावयानं फोन क्वामेनाला केला, कारण आमच्यात पोर आईच्या कुळाची, आणि आराबाची आई वारल्यापासून त्या कुळात कर्ता तोच. तिचा देह इकडं आणण्याचा खर्च झेपणार नव्हता. शनिवारी तिकडंच पुरणार होते आणि इकडच्यांना ते इंटरनेटवर दाखवणार होते.

ओटूंना अजून कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात मरणाची बातमी रस्त्यात, बाजारात, फोनवर देत नाहीत. वडीलधारे पहाटे जमतात, आधी पाणी पुढं करतात, मग एक जण उभा राहून सांगतो. चार माणसांनी धरलेलं असलं तर काळीज टिकतं, एरवी जागच्या जागी फुटतं, असं आमची माणसं मानतात. केप कोस्ट गावचे भाऊबंद संध्याकाळी पोचणार होते. उद्याची पहाट ठरली होती आणि सांगायचं होतं क्वामेनानं. तोवर म्हाताऱ्याच्या कानावर एक शब्द पडता कामा नये, म्हणून तो सावलीसारखा मागं होता. गेल्या रविवारी आराबाचा फोन आला नाही, तेव्हा "कामात असेल" हेही त्यानंच सांगितलं होतं.

मोठा पडदा तर शनिवारसाठी लागणारच होता. सकाळी तो सहज बोलल्यासारखं बोलला, "भाऊजी, दर रविवारी त्या फोनमध्ये डोळे घालून बसता. चला, आराबा मोठी दिसेल असा पडदा आणू." ओटू जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिले आणि मग चपला शोधायला लागले.

सेरवानं आता वाकडा, कमानीसारखा वळलेला मॉनिटर लावला. चित्र झकास होतं. ओटू त्याच्या डाव्या बाजूला गेले, उजव्या बाजूला गेले, आणि नाक मुरडलं.

"हा मधोमध बसणाऱ्याचे लाड करतो. कडेच्यानं काय करायचं?"

"घरात माणसं किती, बाबा?"

"मी एकटा."

"मग बसा की मधोमध!"

"मी कुठं बसायचं ते तू नको सांगू, बाई."

क्वामेनानं डोक्याला हात लावला. म्हातारा आज भलताच हट्टाला पेटला होता. तिसरा मॉनिटर लावला तेव्हा तर ते दुकानातून उतरून थेट रस्त्यापलीकडं गेले आणि उन्हात उभे राहून डोळ्यांवर हात धरून आत बघू लागले. भाजी घेणाऱ्या बायका थांबून त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"फिका पडतो!" ते तिकडून ओरडले. "दुसरा लाव!"

अखेर जमला तो बत्तीस इंची, सपाट, परदेशातून वापरून आलेला. काठाला ओरखडा होता, पण चित्र कुठूनही बघितलं तरी स्वच्छ.

"वीज गेली तर जनरेटरवर चालेल?"

"चालेल."

"सकाळी लावला तर संध्याकाळपर्यंत?"

"अहो भाऊजी," क्वामेनाला राहवेना, "रविवारच्या गप्पांना एवढं कशाला?"

"बापलेकीच्या गप्पा आहेत. तुझ्या पोटात का दुखतंय?"

"दुखत नाही हो. आराबाला बोलायची हौसच होती फार."

होती! क्वामेनानं चटकन ओटूंकडं बघितलं. पण ओटू रुमालानं काच पुसत होते. ऐकलं नसावं. देवानं वाचवलं.

"ओरखड्याचे पैसे कमी कर," ओटू सेरवाला म्हणाले.

"ओरखडा फुकटच दिलाय, बाबा!"

बरीच घासाघीस झाली. कुळानं जमवलेल्या सेडीच्या नोटांमधून क्वामेनानं पैसे चुकते केले आणि टॅक्सी बघायला बाहेर पडला. कोपऱ्यावर पोचताच त्याला हुंदका आवरेना. पोरीचा चेहरा मोठा दिसावा म्हणून हा माणूस उन्हात उभा राहतो, आणि उद्या पहाटे त्याच्यासमोर उभं राहून आपण ते बोलायचं. कुठल्या तोंडानं? त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि टॅक्सी ठरवून परतला.

दारात खोक्यांची थप्पी होती. पलीकडून सेरवाचा आवाज आला.

"आता खरं सांगा बाबा, एकट्या माणसाला एवढं धूड कशाला?"

"शनिवारी अंगणात मंडप पडेल," ओटू हळूच म्हणाले. "मागच्या रांगेतल्यालाही माझ्या पोरीची शवपेटी दिसली पाहिजे ना."

सेरवानं त्यांच्यापुढं स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीनं त्याच दिवशी मला फोन केला. तिला कुठल्या ठाऊक आपल्या रीती. पण माझ्या मेहुण्याला यातलं काही बोलू नकोस हं, बाई. उद्या पहाटे तो मला सांगायला येईल, तेव्हा मला ते पहिल्यांदाच कळलं पाहिजे."