डब्यातली अक्षरं

लंडनच्या दुकानात तो डबा दिसला आणि सुमेधनं लगेच दोन उचलले. टोमॅटोच्या सॉसमधली पास्त्याची अक्षरं! लहानपणी आत्या इथूनच असे डबे साताऱ्याला आणायची.

घरी पहिलाच घास घेऊन लेक म्हणाली, "बाबा, शी! गोड आहे." त्यानं चाखलं. ही ती चव नव्हतीच. कंपनी बदलली, की आपली जीभ? त्यानं आईला फोन लावला.

"अरे, तो लाल राडा नुसता अक्षरं टिकावीत म्हणून घातलाय, असंच वाटायचं मला. नळाखाली धुऊन टाकायचे. मग उपम्यासारखी फोडणी आणि वर लिंबू. आत्या नाक मुरडायची तुझी!"

सुमेधनं दुसरा डबा चाळणीत ओतला आणि नळ सोडला.

"आई, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "हिंग किती घालायचा?"