डोक्यातली हाक

मल्लिनाथअप्पा गेले आणि त्यांच्या चंद्री म्हशीचं दूध बंद झालं. "हो चंद्रे, हो" ही अप्पांची हाक ऐकल्याशिवाय ती कधी पान्हवायचीच नाही. मुलगा उजाडल्यावर गोठ्यात जायचा आणि रिकामी बादली घेऊन परतायचा.

अप्पांच्या बायकोला, महादेवीला, तीच हाक रोज पहाटे गोठ्यातून ऐकू यायची. ती भीतीनं गोधडी डोक्यावर ओढून घ्यायची. शेवटी मुलानं तिला लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं.

"मावशी, जन्मभर ऐकलेला आवाज माणूस गेल्यावरही मेंदू स्वतःच तयार करतो. गोठ्यात कुणी नाही. तो फक्त तुमच्या डोक्यात आहे."

"मंग भ्यायचं काम न्हाई," महादेवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हाक आली, तशी ती पहिल्यांदाच उठून गोठ्यात गेली.


चंद्रीच्या सडांतून दूध ठिबकत होतं.