अंग पुसायची वेळ

कॅमेऱ्यानं मान वळवलेली काकूंनी पाहिली.

ताईनं त्यांना कपाटाच्या बाजूला कुशीवर वळवलं, तसा कपाटावरचा तो पांढरा डबा जरासा फिरला आणि पुन्हा त्यांच्याकडे तोंड करून थांबला. काकूंच्या गाऊनची बटणं अजून लागलेली होती. ताईच्या हातात कोमट पाण्याचा फडका होता.

"ताई, त्याच्यावर टॉवेल टाक."

सांभाळायला येणाऱ्या त्या बाईला काकू आणि त्यांचा मुलगा दादा, दोघंही ताई म्हणत, वयानं ती काकूंच्या मुलीएवढी असली तरी. तिनं फडका पिळून बादलीच्या काठावर ठेवला.

"दादांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय, काकू."

"दादा या वेळी बघत नसतो. त्यानंच मला सांगितलंय. टाक तू."

ताईनं स्टुलावर चढून टॉवेल टाकला. काकूंना एकदम मोकळं वाटलं. साठीपर्यंत त्यांनी बायकांचे कपडे शिवले होते. मापं घ्यायच्या कोपऱ्याला जाड पडदा होता, आणि नवऱ्यालासुद्धा त्या पडद्याला हात लावायची मुभा नव्हती. न्हाणीघरात पडून खुबा मोडला तेव्हापासून अंथरूण सुटलं नव्हतं, पण डोकं शाबूत होतं.

ताई पहिल्या बटणाला हात घालणार, तोच कपाटावरून आवाज आला.

"आजी, ठीक आहात ना? कॅमेऱ्यासमोर काहीतरी आलंय."

तरण्या पोराचा आवाज होता. नम्र, शिकवलेला. दादाचा नव्हता.

काकूंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "कोण बोलतंय?"

"मी कंपनीतून बोलतोय, आजी. देखरेख विभाग."

"तू मला बघतोस?"

"तुम्ही पडू नये, एवढंच बघतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"पाळ्या असतात, आजी. कोणी ना कोणी असतंच. तुम्ही काळजी करू नका."

काकूंनी ताईकडे पाहिलं. तिचा चेहराही उतरला होता, म्हणजे तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"दादाला फोन लाव," काकू म्हणाल्या.

ताईनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. दादानं लगेच उचलला. लांबच्या शहरात तो कचेरीत होता. मागं माणसं बोलत होती, मग दार लागल्याचा आवाज झाला.

"आई, काय झालं? पडलीस का?"

"नाही. तू एकटाच बघतोस म्हणाला होतास."

"दिवसभर मी कसा बघणार, आई? मला नोकरी आहे. मागच्या वेळी तू ओल्या फरशीवर पडून होतीस आणि शेजाऱ्यांना कळायला संध्याकाळ झाली. ते पुन्हा नको व्हायला."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं. इस्पितळात. तू हो म्हणालीस, मोबाइलवर अंगठाही टेकवलास. सगळं रीतसर झालंय."

काकूंना इस्पितळातलं छत आठवलं, सलाईनची नळी आठवली. अंगठा आठवेना. तेव्हा त्या सगळ्यालाच हो म्हणत होत्या. पाय कापू का विचारलं असतं तरी हो म्हणाल्या असत्या.

"मग आता नाही म्हणते."

"म्हणू शकतेस. कायद्यानं तुला तो हक्क आहे." दादाचा आवाज मऊ झाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "पण मग ताई येणार नाहीत. कॅमेऱ्याशिवाय कंपनी माणूस पाठवत नाही. उद्या तुझ्याजवळ कोण येईल, सांग. मला नोकरी सोडता येत नाही, आई. यायचं तर माझ्याकडे ये म्हटलं, तर तू घर सोडत नाहीस."

"निदान अंग पुसताना तरी बंद ठेवायला सांग."

"मी कंपनीला विचारलं होतं. सांभाळणाऱ्या बायका म्हाताऱ्यांना मारतात, तीही नेमकी अशाच वेळी. म्हणून तेव्हा तर नाहीच बंद करत म्हणाले."

ताईनं हे ऐकलं. तिनं बादली उगाच इकडची तिकडे केली.

"रागावलीस का?" दादानं विचारलं.

"नाही रे. जेवलास का?"

"जेवतो आता."

फोन ठेवल्यावर काकूंनी कपाटाकडे पाहिलं. टॉवेल अजून तसाच होता. त्याच्याआडून तोच आवाज पुन्हा आला, जरा दबून.

"आजी, तेवढा टॉवेल काढायला सांगता का? नाहीतर मला वर कळवावं लागेल, मग ताईंना त्रास होईल."

"नाव काय रे तुझं?"

"नाव नाही सांगता येत, आजी."

"का?"

"आम्हां कामगारांची माहिती बाहेर द्यायची नाही. कायदाच आहे तसा."

काकू हसल्यासारखं काहीतरी करून गेल्या. ताईला वाटलं, त्यांना ठसका लागला. ती पाण्याचा पेला घेऊन पुढं झाली, तर काकूंनी मानेनंच नको म्हटलं.

"काढ तो टॉवेल," त्या म्हणाल्या. "पाणी गार होतंय."

ताईनं स्टुलावर चढून टॉवेल काढला. डब्यावरचा हिरवा ठिपका जागाच होता. ती खाली उतरली. मग डब्याकडे पाठ करून तिनं आपल्या कामाच्या निळ्या कोटाचं गळ्याजवळचं बटण लावलं, कोट खाली ओढून नीट केला, आणि वाकून काकूंच्या गाऊनचं पहिलं बटण काढलं.